जुन्या फोटोतलं ब्रिटिश विमान कसं ओळखायचं

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं एखादं छोटं ब्रिटिश विमान फोटोत दिसलं, की बहुतेक जण त्याच्या अंगावरची अक्षरं वाचायला धावतात. माझं म्हणणं उलट आहे. अक्षरं शेवटी वाचा, आधी नाक बघा. नाकात इंजिन असतं, आणि त्या वीस वर्षांत हलक्या विमानांचं जे काही झालं ते इंजिनामुळे झालं. इंजिन ओळखलं की विमान अर्धं ओळखलं.

मी मूळचा नाशिकचा. ओझरच्या मिग विमानांचा आवाज ऐकत मोठा झालो. पुढे नोकरीसाठी इंग्लंडमध्ये ल्यूटनला आलो आणि जवळच्या ओल्ड वॉर्डन गावातल्या शटलवर्थ संग्रहात लाकडाची नि कापडाची विमानं पहिल्यांदा उडताना बघितली. तेव्हापासून माझे सुट्टीचे दिवस तिथेच जातात. आता नातेवाईक, त्यांचे शेजारी, कुणाकुणाचे मित्र व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात आणि विचारतात, "दादा, हे कुठलं विमान?" प्रत्येकाला थोडं थोडं सांगत आलो, ते इथे सलग लिहितो.

नाक: प्रोपेलर वर आहे की खाली?

१९२३ साली केंट परगण्यात लिम्प्न इथे हलक्या विमानांची स्पर्धा भरली. इंजिन ७५० सीसीच्या आत हवं अशी अट होती, म्हणजे जवळजवळ मोटरसायकलची ताकद. विमानं उडाली, पण रोजच्या वापराला ती कुचकामी होती. समोरून जरा जोराचा वारा आला की पुढे सरकणंच मुश्कील. पुढच्या वर्षी दोन आसनांच्या विमानांसाठी मर्यादा ११०० सीसीवर नेली, तरी दुखणं तेच राहिलं.

विमानं बनवणाऱ्या जेफ्री डी हॅव्हिलँड यांनी त्या अटींचा नाद सोडला. त्यांना साठेक अश्वशक्तीचं, स्वस्त आणि भरवशाचं इंजिन हवं होतं. तसं बाजारात नव्हतं. फ्रँक हालफर्ड या इंजिन-रचनाकाराने युद्धातून उरलेल्या रेनो घराण्याच्या व्ही-८ इंजिनाचे सुटे भाग घेतले आणि त्यातली एकच बाजू वापरून चार सिलिंडरांचं, एका ओळीतलं इंजिन उभं केलं. त्याचं नाव सायरस. ते बसवून २२ फेब्रुवारी १९२५ रोजी लंडनच्या उत्तरेला स्टॅग लेनवर डीएच ६० मॉथ उडालं (डीएच म्हणजे डी हॅव्हिलँड). त्याच वर्षी सरकारने फ्लाइंग क्लबांना अनुदान द्यायला सुरुवात केली, आणि क्लबांनी मॉथ घेतली. १९२८ पासून त्यात कंपनीचं स्वतःचं १०० अश्वशक्तीचं जिप्सी इंजिन आलं. तीच जिप्सी मॉथ.

आता फोटोकडे या. सायरस आणि पहिल्या जिप्सीत सिलिंडर वर आणि क्रँकशाफ्ट, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा दांडा, खाली. म्हणून प्रोपेलरचा मध्य नाकाच्या खालच्या भागात येतो आणि चार सिलिंडरांची डोकी वरच्या पत्र्यातून बाहेर डोकावतात. वैमानिकाला समोरचं जग या डोक्यांच्या आजूबाजूने बघावं लागायचं. पुढे जिप्सी थ्री आणि त्यानंतर १३० अश्वशक्तीचं जिप्सी मेजर आलं, ते याच इंजिनाला उलटं टांगून. क्रँकशाफ्ट वर, सिलिंडर खाली. त्यामुळे प्रोपेलर वर गेला, नाकाचा माथा सपाट झाला आणि वैमानिकाच्या नजरेसमोरचा अडथळा गेला.

तेव्हा पट्टी घ्या आणि प्रोपेलरच्या मध्यातून आडवी रेघ धरा. नाकाचा बहुतेक भाग रेघेच्या वर असेल तर इंजिन सरळ आहे, विमान बहुधा १९३० च्या आसपासचं किंवा आधीचं. बहुतेक भाग रेघेखाली असेल तर इंजिन उलटं, विमान नंतरचं. या एका खुणेवर अल्बममधल्या मथळ्यांचा निम्मा घोळ सुटतो.

नाक उलट्या इंजिनाचं आहे पण चांगलंच लांब, निमुळतं आहे, तर आत सहा सिलिंडरांचं जिप्सी सिक्स असण्याची शक्यता मोठी. ते १९३४ च्या सुमारास आलं, साधारण २०० अश्वशक्तीचं. शर्यतीची बरीच विमानं त्याच्यावर उडाली. आणि सिलिंडर गोलाकार मांडलेले दिसत असतील, विमान अगदी चिमुकलं आणि एकाच माणसाचं असेल, तर कॉम्पर स्विफ्टचा विचार करा. तिच्यातलं सात सिलिंडरांचं पॉबजॉय इंजिन गिअरचं असतं. म्हणून प्रोपेलर इंजिनाच्या बरोबर मध्यावर नसतो, किंचित वर सरकलेला असतो. समोरून काढलेला फोटो असेल तर ही खूण लखलखीत दिसते. काही मोजक्या स्विफ्टना मात्र जिप्सी इंजिन बसवलं होतं. त्यातली एक प्रिन्स ऑफ वेल्सच्या मालकीची होती. त्यामुळे नाक बघून झालं की पंखांकडे वळायचंच.

पंख: सरळ, मागे झुकलेले की निमुळते?

सर्वात जास्त विचारलं जाणारं कोडं म्हणजे जिप्सी मॉथ की टायगर मॉथ. दोन्ही दुपंखी, दोन्ही उघड्या कॉकपिटची, दोन्हींत माणसं एकामागे एक. नाकाची परीक्षा इथे बहुतेक वेळा पुरते, कारण टायगर मॉथमध्ये इंजिन उलटंच असतं. पण उलट्या इंजिनाच्या डीएच ६० सुद्धा बनल्या, मॉथ मेजर हे त्यातलं शेवटचं रूप. तिथे पंखच बघावे लागतात.

टायगर मॉथचे पंख मागे झुकलेले आहेत. वेगासाठी नव्हे, त्यामागे पॅराशूट आहे. डीएच ६० मध्ये पुढच्या आसनाच्या चहूबाजूंनी वरच्या पंखाचे टेकू असतात आणि डोक्यावर पेट्रोलची टाकी. पॅराशूट पाठीला बांधून त्या पिंजऱ्यातून उडी मारणं कठीण. हवाईदलाला ते चालणार नव्हतं, कारण पुढे त्यांचा शिक्षक बसणार होता. म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग टेकूंसकट पुढे सरकवला. पण मग उचल, म्हणजे पंखांचा विमानाला वर उचलणारा जोर, पुढे गेली आणि तोल बिघडला. तो सावरायला पंखांची टोकं मागे नेली. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं, ते या बदलांसकट.

फोटोत म्हणून हे बघा. पुढच्या आसनावरचा माणूस टेकूंच्या मधोमध बसलाय की टेकूंच्या मागे, मोकळ्यावर? मधोमध असेल तर डीएच ६०, मागे असेल तर टायगर. विमान बाजूने दिसत असताना पंखांचा झुकाव कळत नाही, पण टेकू नेहमी दिसतात. आणि फोटोत पंख दुमडून विमान छोट्या शेडमध्ये घातलेलं असेल तर टायगर मॉथ बाद. डीएच ६० चे पंख दुमडायचे, टायगरचे नाही.

टायगर मॉथचा फोटो युद्धाआधीचा की नंतरचा, हे सांगणारी एक बारीक खूण आहे. शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढे, धडाला लागून एक अरुंद पट्टी दिसते का बघा. गिरकीतून सुटणं सोपं व्हावं म्हणून ती दुसऱ्या महायुद्धात बसवायला लागले. पट्टी आहे आणि मथळ्यात "१९३५" लिहिलंय, तर मथळा चुकला. पट्टी नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

टायगर मॉथ हे नाव आधीही एकदा वापरलं गेलं होतं. १९२७ चं डीएच ७१ टायगर मॉथ म्हणजे एका माणसाचं, एकपंखी, शर्यतीचं नाजूक यंत्र. दोनच बनली. ह्यूबर्ट ब्रॉड यांनी त्यात १०० किलोमीटरच्या बंद मार्गावर आपल्या वर्गातला ताशी १८६ मैलांचा विक्रम केला. त्यातलं एक पुढे ऑस्ट्रेलियात कोसळलं आणि दुसरं १९४० मध्ये हॅटफिल्डवरच्या बाँबहल्ल्यात गेलं. तेव्हा जुन्या मासिकात "टायगर मॉथ" या नावाखाली एकपंखी विमान दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका.

माणसं कुठे बसलीत?

डी हॅव्हिलँडच्या घरातली भावंडं ओळखायला आसनांची मांडणी सर्वात कामाची. डीएच ८३ फॉक्स मॉथमध्ये प्रवासी पुढे, बंद खोलीत, आणि वैमानिक त्यांच्या मागे, उंचावर, उघड्यावर. घोडागाडीच्या उलट थाट. एकदा बघितलं की विसरत नाही. १९३२ ची किंग्ज कप ही ब्रिटनमधली विमानांची शर्यत फॉक्स मॉथनेच जिंकली होती. हॉर्नेट मॉथ दुपंखी, पण खोली बंद आणि दोघं शेजारी शेजारी. तिच्या पहिल्या नमुन्याचे पंख टोकांना निमुळते होते, त्यामुळे उतरताना टोकाकडची उचल अचानक जायची. म्हणून पुढच्या नमुन्याला चौकोनी टोकांचे पंख दिले. पंखांचं टोक पाहून नमुना सांगता येतो.

आणि आता आपल्या जिव्हाळ्याचं विमान. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले ते डीएच ८० ए पस मॉथमध्ये, नोंदणी व्हीटी-एडीएन. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे ते मद्रासला नेलं. पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे.आर.डीं.नी तेच उड्डाण पुन्हा केलं, पण ते डीएच ८५ लेपर्ड मॉथमध्ये. दर वर्षी ऑक्टोबरात ८२ चे रंगीत फोटो "जे.आर.डीं.चं पस मॉथ" म्हणून फिरत असतात. इतक्या मोठ्या दिवसाचं विमान तरी बरोबर सांगावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दोन्ही एकपंखी, पंख माथ्यावर, खोली बंद, नाक उलट्या इंजिनाचं. फरक असा बघा. पस मॉथचे पंख शेवटपर्यंत जवळजवळ सारख्या रुंदीचे. लेपर्डचे टोकाकडे निमुळते. पस मॉथमध्ये चाकाचा मुख्य पाय पंखाच्या मुळाकडे वर जातो; लेपर्डमध्ये तो पुढे, इंजिनामागच्या भिंतीकडे झुकतो. पसचं धड पोलादी नळ्यांचं आणि त्यावर कापड. लेपर्डचं प्लायवूडचं, म्हणून वजनाला हलकं. लेपर्डमध्ये वैमानिक पुढे मधोमध एकटा आणि मागे दोन प्रवासी शेजारी शेजारी. १९३३ ची किंग्ज कप डी हॅव्हिलँड यांनी स्वतः लेपर्ड मॉथ चालवून जिंकली.

पस मॉथची काही विमानं हवेतच मोडली, हेही सांगायला हवं. एकट्याने इंग्लंडहून ऑस्ट्रेलिया गाठणारे पहिले वैमानिक बर्ट हिंकलर जानेवारी १९३३ मध्ये इटलीच्या डोंगरात मरण पावले तेही पस मॉथमध्येच.

पाय, म्हणजे चाकं

एकपंखी विमान, पंख खाली, नाक लांब, असं असेल तर पायांवरून कंपनी सांगता येते. संपूर्ण पायाला विजार घातल्यासारखं जाड आवरण असेल तर रेडिंगजवळच्या वुडलीचं, एफ. जी. माइल्स यांचं विमान असण्याचा संभव मोठा. त्यात खोली बंद असून समोरची काच वरच्या बाजूला पुढे झुकलेली असेल तर ते माइल्स फाल्कन. ती काच उलटी बसवल्यासारखी वाटते. १९३५ ची किंग्ज कप टॉमी रोज यांनी फाल्कनवर जिंकली.

पाय एकेरी, सडपातळ आणि चाकावर फक्त थेंबासारखं टोपण असेल तर एडगर पर्सिव्हल यांच्या गल घराण्याकडे वळा. सुरुवातीच्या गलच्या पायांत बऱ्याच टेकूंचा गुंता होता, नंतर तो गेला. जीन बॅटन यांनी ऑक्टोबर १९३६ मध्ये इंग्लंडहून न्यूझीलंड ११ दिवस ४५ मिनिटांत गाठलं ते गल सिक्समध्ये. ते विमान आजही ऑकलंडच्या विमानतळावर आहे. व्हेगा गल हे त्याचं रुंद भावंड, पुढे दोघं शेजारी शेजारी. बेरिल मार्कहॅम यांनी सप्टेंबर १९३६ मध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडे अटलांटिक ओलांडला तो व्हेगा गलने. आणि त्याच महिन्याच्या शेवटी पोर्ट्‌समथ ते जोहान्सबर्ग शर्यतीत शेवटपर्यंत पोचलेलं एकमेव विमानही व्हेगा गलच.

धाकटं म्युव गल मात्र वेगळ्याच जातीचं. एकच माणूस, साडेसात मीटरच्या आसपास पंखविस्तार, आणि डोक्यावर एवढीशी काच. अ‍ॅलेक्स हेन्शॉ यांच्या जी-एईएक्सएफ या म्युव गलला ग्रेव्हसेंडच्या जॅक क्रॉस यांनी आणखी घासून-पुसून घेतलं, काचेचं झाकण आणखी खाली आणलं. १९३८ ची किंग्ज कप हेन्शॉंनी ताशी २३६ मैलांच्या सरासरीने जिंकली. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते ग्रेव्हसेंडहून केपटाउनला जाऊन परत आले ते ४ दिवस १० तास १६ मिनिटांत. एकटेच. त्या झाकणाखाली मान वळवायला जागा नाही. हे विमान युद्धभर फ्रान्समध्ये पडून होतं, म्हणून वाचलं. आज ते ओल्ड वॉर्डनला आहे. त्याच्याशेजारी उभं राहिलात तर पंख तुमच्या कमरेइतक्या उंचीवर येतो.

पायांऐवजी तरंगते फ्लोट दिसत असतील तर बहुधा श्नायडर करंडकाची, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या विमानांच्या शर्यतीतली विमानं. ती हलकी नव्हेत, वेगळं जग आहे. सुपरमरीन एस-६ बी ने १९३१ मध्ये करंडक कायमचा इंग्लंडमध्ये आणला आणि त्याच महिन्यात ताशी ४०० मैलांच्या वर वेग नोंदवला. ते लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, जवळून बघा.

अक्षरं आणि आकडे

आता अक्षरं. १९२८ च्या मध्यापर्यंत ब्रिटिश नोंदणी जी-ई ने सुरू व्हायची, तिथून पुढे जी-एए. मग जी-एबी साधारण १९३० ते ३२, जी-एसी १९३३-३४, जी-एडी १९३५, जी-एई १९३६-३७, आणि जी-एएफ युद्ध सुरू होईपर्यंत. अ‍ॅमी जॉन्सन यांचं जिप्सी मॉथ "जेसन" म्हणजे जी-एएएएच, १९२८ चं. त्यांनी ते मे १९३० मध्ये एकटीने क्रॉयडनहून डार्विनला नेलं. वाटेत अलाहाबाद गाठण्याआधी पेट्रोल संपत आलं म्हणून झाशीच्या परेड मैदानात उतरावं लागलं. भारतातली नोंदणी व्हीटी ने सुरू होते.

अक्षरं शेवटी का, तर ती रंगवता येतात. हौशी मंडळी आपल्या विमानाला प्रसिद्ध विमानाचे रंग देतात. कॅलिफोर्नियात बनवलेली डीएच ८८ कॉमेट या शर्यतीच्या विमानाची प्रतिकृती थेट मूळ विमानाची अक्षरं घेऊन उडायची. धडाची घडण बदलणं तेवढं सोपं नसतं.

शर्यतीच्या विमानावर मोठा आकडाही असतो, तो सोन्यासारखा. १९३४ च्या मिल्डनहॉल ते मेलबर्न शर्यतीत तीन कॉमेट उतरली होती: ३४ क्रमांकाचं लाल "ग्रोव्हनर हाऊस", ६३ क्रमांकाचं काळं-सोनेरी "ब्लॅक मॅजिक" आणि १९ क्रमांकाचं हिरवं. इथे फोटोचा एक मोठा सापळा आहे. त्या काळच्या बऱ्याच फिल्मना लाल रंग दिसतच नसे. लाल वस्तू काळी उमटायची आणि निळी फिकट. त्यामुळे विजेतं लाल कॉमेट कित्येक फोटोंत कुळकुळीत काळं दिसतं आणि लोक खाली "ब्लॅक मॅजिक" लिहून मोकळे होतात. काळ्या-पांढऱ्या फोटोवरून रंग ठरवू नका. शेपटीवरचा आकडा वाचा. ३४ असेल तर स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक यांचं, ७१ तासांच्या आत मेलबर्नला पोचलेलं. ६३ असेल तर जिम मॉलिसन आणि अ‍ॅमी जॉन्सन या जोडप्याचं. ते कराचीला सगळ्यात आधी पोचले, मग वाट चुकून जबलपूरला उतरले, तिथे मिळेल ते हलकं पेट्रोल भरलं आणि अलाहाबादपर्यंत जाता जाता इंजिन गमावून बसले.

कॉमेटच्या जवळच्या फोटोत प्रोपेलरच्या मधल्या टोपीचं टोक न्याहाळा. तिथे एक छोटी चकती असते. उड्डाणाआधी प्रोपेलरच्या आत सायकलच्या पंपाने हवा भरायचे. त्या हवेच्या दाबाने पाती उड्डाणाला सोयीच्या कोनात राहायची. वेग ताशी दीडशे मैलांच्या आसपास गेला की समोरचा वारा चकतीला मागे दाबायचा, हवा सुटायची आणि पाती लांब पल्ल्याच्या कोनात जायची. एकदाच. पुन्हा उतरून पंप मारेपर्यंत परत फिरायची सोय नाही. जगातल्या सर्वात लांब शर्यतीचं विमान आणि त्याच्याशेजारी सायकलचा पंप घेऊन उभा असलेला मेकॅनिक, हे मला अजून भारावून टाकतं.

याच विमानाने पुढे नावं बदलली. १९३७ मध्ये केपटाउनच्या विक्रमाच्या वेळी ते "द बर्बेरी" होतं, १९३८ मध्ये न्यूझीलंडच्या वारीत "ऑस्ट्रेलियन ॲनिव्हर्सरी". नोंदणी मात्र तीच, जी-एसीएसएस. नाकावरचं नाव वाचलं की फोटोचं साल कळतं.

एक फोटो सोबत बघू

नाशिकच्या एका स्नेह्यांनी पाठवलेला फोटो घेतो. मागे पेन्सिलने लिहिलंय, "टायगर मॉथ, जुहू, १९३१." टायगर मॉथचं पहिलं विमानच १९३१ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस इंग्लंडमध्ये उडालं, म्हणजे तारखेवरच शंका घ्यायला हवी. पण तारीख आपण बाजूला ठेवू, नाक बघू.

प्रोपेलरचा मध्य खाली आहे. वर चार डोकी स्पष्ट मोजता येतात. इंजिन सरळ, टायगर बाद. पुढच्या कॉकपिटभोवती टेकू आहेत आणि वर टाकीचा फुगवटा. म्हणजे डीएच ६०. आता कुठलं? धडाच्या बाजूवर ऊन तिरपं पडलंय. जिप्सी मॉथच्या नेहमीच्या नमुन्यात धडाला प्लायवूड असतं, बाजू गुळगुळीत, पेटीसारखी सपाट. इथे मात्र नाकापासून शेपटीकडे जाणाऱ्या लांब रेघा उमटल्यात, कापड आतल्या काठ्यांवर ताणल्यासारखं. हे डीएच ६० एम, पोलादी नळ्यांच्या धडाचं, ज्याला सगळे मेटल मॉथ म्हणायचे. अक्षरांपैकी "व्हीटी-ए" एवढंच दिसतं, पुढचं एका गृहस्थांच्या सोला हॅटमागे लपलंय. पण अक्षरांशिवायच आपण इथवर आलो. जागा आणि साल दोन्ही जुळतात, नाव तेवढं बदलायचं.

असल्याच मॉथमधून १९३० मध्ये अस्पी इंजिनिअर, जे.आर.डी. टाटा आणि मनमोहन सिंग हे तिघे इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने उड्डाण करण्यासाठी ठेवलेल्या आगाखानांच्या ५०० पौंडांच्या बक्षिसासाठी झुंजले. इजिप्तमध्ये अबुकीरला अस्पी स्पार्क प्लगसाठी अडले होते. विरुद्ध दिशेने आलेल्या जे.आर.डीं.नी आपल्याकडचे प्लग त्यांना दिले. बक्षीस अस्पींना मिळालं. मॉथच्या फोटोत ती चार डोकी दिसली की मला ते प्लग आठवतात.

प्रत्यक्ष बघायला जाणार असाल तर

लंडनहून बिगल्सवेडपर्यंत रेल्वे आहे, तिथून ओल्ड वॉर्डनला टॅक्सी करा. उन्हाळ्यातल्या प्रदर्शनाच्या दिवशी जा, आणि संध्याकाळचं प्रदर्शन असेल तर तेच निवडा, कारण वारा पडल्याशिवाय सर्वात नाजूक विमानं बाहेर काढत नाहीत. धावपट्टी गवताची आहे. आधी हँगरमध्ये जा. प्रत्येक विमान तीन जागांवरून बघा: अगदी समोरून, अगदी बाजूने आणि शेपटीमागून. जुने फोटो बहुतेक याच तीन जागांवरून काढलेले असतात, त्यामुळे डोळा तयार होतो. हात लावू नका, कापड बोटाच्या दाबानेही खराब होतं.

तिथल्या लाल स्विफ्टपाशी जरा थांबा. आज तिच्यावर जी-एसीटीएफ लिहिलंय, पण ती भारतात व्हीटी-एडीओ होती. अल्बन अली नावाच्या चहामळेवाल्यांची "स्कार्लेट एंजल". १९३३ मध्ये दिल्लीतल्या व्हाइसरॉय करंडकाच्या शर्यतीत ती होती. त्याच शर्यतीसाठी रिचर्ड शटलवर्थ आपली स्विफ्ट इंग्लंडहून उडवत घेऊन गेले होते. १९४० मध्ये हवाईदलात असताना ते अपघातात गेले आणि त्यांच्या आईने त्यांच्या नावाने ट्रस्ट केला. ती लाल स्विफ्ट आता त्यांच्याच संग्रहात आहे.

स्विफ्ट सुरू करतील तेव्हा डोळे मिटून ऐका. इंजिन भरभर फिरतं, पण गिअरमुळे प्रोपेलर सावकाश. जिप्सीचा सरळ फडफडाट आणि पॉबजॉयची ही शिवणयंत्रासारखी घरघर एकदा कानात बसली की आकाशाकडे न बघताही ओळखू येतात.

घरचा फोटो असेल तर मोबाइलने नुसता टिपू नका. स्कॅनरवर सपाट ठेवून, मोठ्या आकारात स्कॅन करा, मागची बाजूही. अक्षरं उलटी वाचता येत असतील तर निगेटिव्ह उलटी छापली गेलीय, आधी चित्र आरशासारखं फिरवून घ्या. जी ने सुरू होणारी पूर्ण नोंदणी मिळाली तर ब्रिटिश नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या जी-इन्फो या संकेतस्थळावर टाका. तिथे जुन्या नोंदवहीची हस्ताक्षरातली पानं स्कॅन करून ठेवली आहेत. विमान कधी बनलं, कुणी घेतलं, कुणाला विकलं आणि शेवटी काय झालं ते सगळं एका पानावर असतं. तुमच्या फोटोच्या तारखेला ते कुणाच्या नावावर होतं ते बघा, आणि नाव फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहून ठेवा.